वनकुसवडे ते हॅलेट : पवनऊर्जेच्या इतिहासातील दोन स्थळे

महाराष्ट्रातील विजेचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाची दृष्टी सहसा पाण्यावर खिळलेली असते, आणि ते स्वाभाविकही आहे. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले. मुळशीच्या धरणाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह आरंभिला. आमच्या करवीर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी राधानगरीचे काम हाती घेतले व ते स्वातंत्र्योत्तर काळात पुरे झाले. पुढे कोयनेचा प्रचंड प्रकल्प उभा राहिला. या प्रत्येक घटनेभोवती कागदपत्रांचा, आठवणींचा व वादविवादांचा मोठा साठा आहे. परंतु त्याच सह्याद्रीच्या माथ्यावर, कोयनेच्या शिवसागर जलाशयाकडे तोंड करून, गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पवनचक्क्यांचे जे दाट रान उभे राहिले, त्याच्या इतिहासाकडे आपल्या विद्यापीठीय संशोधनाने फारसे लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासाचा एक धागा उलगडून पाहण्याचा विचार आहे. तो धागा सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या सड्यावर हाती लागतो आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातील हॅलेट नावाच्या मेंढपाळ प्रदेशापर्यंत जातो.

प्रथम वाऱ्याविषयी. वाऱ्यातील शक्ती ही वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदास ६ मीटर वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याची शक्ती २१६ मानली, तर ७ मीटर वेगाच्या वाऱ्याची ३४३ होते. वेगात सहाव्या हिश्शाची भर पडली की शक्ती दीडपटीहून अधिक वाढते. जागेची निवड या व्यवसायात एवढी निर्णायक का, याचे उत्तर या एका गणितात आहे. तामिळनाडूत पालघाटाच्या खिंडीतून वारा दाबला जाऊन वेग घेतो. सह्याद्रीवर तशी खिंड नाही. येथे नैऋत्य मोसमी वारा कोकणातून वर चढतो आणि कड्यावरून पठारावर येताना त्याला गती मिळते. म्हणून समुद्रसपाटीपासून हजार-अकराशे मीटर उंचीचे, झाडोरा नसलेले जांभ्या दगडाचे सडे पवनचक्कीस सोयीचे ठरतात. नाचणी-वरीपलीकडे ज्यांत काही पिकत नाही, पावसाळ्यानंतर ज्यांवर गुरे चारावयाची आणि सरकारी दप्तरात ज्यांची नोंद बहुधा पोटखराबा म्हणून, असे हे सडे. या भूमीला बाजारात किंमत नव्हती, ही गोष्ट पुढील सर्व कथानकाच्या मुळाशी आहे.

वारा कोठे किती वाहतो हे मोजण्याचे श्रेय मुख्यतः हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी यांच्याकडे जाते. भारतातील वाऱ्याच्या नोंदी एकत्र करून त्या १९८३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या, आणि पुढील सर्वेक्षणास त्यांचाच आधार मिळाला. १९७३ च्या तेलसंकटानंतर अपारंपरिक ऊर्जेचा विचार जगभर सुरू झाला होता. भारत सरकारने १९८२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. १९८६ च्या सुमारास गुजरातेत ओखा, तामिळनाडूत तुतिकोरिन आणि महाराष्ट्रात रत्नागिरी येथे प्रात्यक्षिक प्रकल्प उभारले गेले. त्यांतील यंत्रे डेन्मार्कच्या व्हेस्टास कंपनीची, ५५ किलोवॅटची होती. योगायोगाची गोष्ट अशी की ऑस्ट्रेलियातील पहिला व्यापारी पवनप्रकल्पही जवळजवळ त्याच वेळचा आहे : पश्चिम ऑस्ट्रेलियातील एस्परन्स गावाजवळ सॅमन बीच येथे १९८७ मध्ये ६० किलोवॅटच्या सहा यंत्रांनी तो सुरू झाला. म्हणजे यंत्राच्या आकाराने व काळाने दोन्ही देश एकाच उंबरठ्यावर उभे होते. पुढे वाटा भिन्न झाल्या त्या वाऱ्यामुळे नव्हे, कायद्यामुळे.

भारतात १९९० नंतर पवनचक्कीला जो जोर आला तो मुख्यतः आयकराच्या एका तरतुदीमुळे. पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा वजा करण्याची मुभा होती. एखाद्या नफ्यातील कारखान्याने एक कोटी रुपयांची पवनचक्की घेतली आणि कराचा दर शेकडा ३५ धरला, तर त्या वर्षी त्याचा ३५ लाखांचा कर टळे किंवा पुढे ढकलला जाई. पवनचक्की किती फिरली याचा या हिशेबाशी संबंध नव्हता. मार्च महिना संपण्यापूर्वी ती उभी राहिली म्हणजे झाले. महाराष्ट्र शासनाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस यात विक्रीकरातील सवलतीची भर घातली. परिणाम असा झाला की राज्यात तोवर नाममात्र असलेली पवनऊर्जेची क्षमता २००३ पर्यंत सुमारे ४०० मेगावॅटवर गेली, आणि त्यातील मोठा वाटा सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे, चाळकेवाडी व आसपासच्या पठारांचा होता. गुंतवणूक करणाऱ्यांत बजाज ऑटोसारखे मोठे उद्योग होते, तसेच ज्यांनी सडा कधी पाहिलाही नसेल असे अनेक लहानमोठे व्यापारीही होते. पवनचक्कीचा मालक मुंबईत, जमीन पाटण तालुक्यात आणि नफा आयकराच्या पत्रकात, अशी ही त्रिस्थळी यात्रा होती.

या व्यवस्थेस अनुरूप अशी कंपनी सुझलॉन ही होय. तुलसी तांती यांचा मूळ व्यवसाय सुरतेतील कापडाचा. विजेच्या वाढत्या खर्चावर उपाय म्हणून त्यांनी १९९० मध्ये दोन पवनचक्क्या घेतल्या, आणि १९९५ मध्ये पवनचक्क्याच बनविण्याचा उद्योग सुरू केला. स्यूडविंड या जर्मन कंपनीशी तांत्रिक करार करून आरंभीची यंत्रे बनली. कंपनीची मुख्य कचेरी पुण्यास आली. तांतींचे खरे कौशल्य यंत्रापेक्षा संघटनेत होते, असे माझे मत आहे. वाऱ्याची मोजणी, जमिनीची खरेदी, रस्ता, वीजवाहिनी, उभारणी, वीजमंडळाशी करार आणि पुढील कित्येक वर्षांची देखभाल हे सर्व एका हाती घेऊन गुंतवणूकदारास केवळ धनादेशावर सही करावयाची बाकी ठेवणे, ही त्यांची पद्धत होती. वनकुसवड्याचा प्रकल्प याच पद्धतीने वाढत गेला व एका काळी आशियातील मोठ्या पवनप्रकल्पांत गणला जाऊ लागला. तेथील आरंभीची यंत्रे बहुतांशी ३५० किलोवॅटची होती. आजच्या दृष्टीने ती खेळणीच.

नोव्हेंबर २००३ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने पवनविजेच्या दराचा आदेश काढला. नव्या प्रकल्पांना पहिल्या वर्षी युनिटास ३ रुपये ५० पैसे व त्यापुढे दरवर्षी १५ पैशांची वाढ, असा १३ वर्षांचा करार त्यात ठरला. त्याच वर्षी केंद्राचा नवा वीज कायदा झाला आणि वीज वितरकांनी काही वीज नवीकरणीय मार्गाने निर्मिलेली घ्यावी, असे बंधन घालण्याचा अधिकार आयोगांस मिळाला. येथून पवनचक्कीचे अर्थशास्त्र कराकडून विजेकडे थोडे सरकले. ३५० किलोवॅटचे यंत्र वर्षभरात आपल्या क्षमतेच्या पाचव्या हिश्शाइतके चालले असे धरले, तर सुमारे सहा लाख तेरा हजार युनिट वीज होते; साडेतीन रुपयांनी तिचे साडेएकवीस लाख रुपये होतात. हा हिशेब मी वाचकांसमोर मुद्दाम ठेवीत आहे, कारण ज्या सड्याच्या तुकड्यावर हे यंत्र उभे आहे त्याची किंमत शेतकऱ्याला एकदाच आणि पडीक जमिनीच्या भावाने मिळाली होती.

येथे मुळशीची आठवण होणे अपरिहार्य आहे. मुळशीत सरकारने भूसंपादनाचा १८९४ चा कायदा वापरला. सक्ती झाली म्हणून प्रतिकार झाला, प्रतिकार झाला म्हणून नेतृत्व उभे राहिले, सेनापती बापटांना तुरुंगवास घडला, आणि या सर्वांमुळे इतिहासाला साधने मिळाली. कोयनेतही सरकारी संपादन होते, पुनर्वसनाचे कागद होते, विस्थापितांचे प्रश्न पिढ्यानुपिढ्या विधिमंडळात मांडले गेले. वनकुसवड्याच्या सड्यावर बहुतांशी खरेदीखते झाली. मध्यस्थ आला, सातबारा पाहिला गेला, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठे उठले आणि जमीन गेली. कायद्याच्या दृष्टीने कोणावर जुलूम झाला नाही. परंतु विकणाऱ्यास आपण काय विकतो आहोत हे ठाऊक होते काय? तो जांभा दगड विकीत होता. घेणारा वारा घेत होता. वाऱ्याची मोजणी मनोरे उभारून ज्याने केली होती, त्याच्यापाशी ते ज्ञान होते, आणि ज्याच्या बापजाद्यांनी त्या वाऱ्यात गुरे राखली त्याच्यापाशी त्या ज्ञानाचा आकडा नव्हता. या विषमतेला आपल्या जमीनविषयक कायद्यांत नाव नाही. आणि सक्ती नसल्यामुळे सत्याग्रहही नाही, सत्याग्रह नसल्यामुळे दप्तरही नाही.

प्रतिकार मात्र दुसऱ्या रूपाने प्रकट झाला. २००२ साली देशभर मोसमी पाऊस सरासरीहून सुमारे एक पंचमांशाने कमी पडला. २००३ मध्ये सातारा, सांगली व सोलापूर जिल्ह्यांच्या पूर्व भागात पुन्हा भीषण अवर्षण आले. त्या वेळी पश्चिमेकडील डोंगरांवर पवनचक्क्या नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या. पात्यांच्या वाऱ्याने ढग पळून जातात, अशी समजूत माणदेश-दुष्काळी पट्ट्यात झपाट्याने पसरली. पवनचक्क्या बंद कराव्यात अशी मागणीही झाली. शास्त्रीयदृष्ट्या ती टिकणारी नव्हती. पवनचक्की वारा उत्पन्न करीत नाही. असलेल्या वाऱ्यातील शक्तीचा अंश ती काढून घेते, आणि तोही ५९ टक्क्यांहून अधिक कधीच काढता येत नाही, हे बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० मध्ये दाखविले होते. शिवाय आटपाडी-माण-जत हा पट्टा पवनचक्क्यांच्या जन्माच्या शतकानुशतके आधीपासून पर्जन्यछायेत आहे. दुर्गादेवीच्या दुष्काळास कोणाच्या पात्यांनी ढग हाकलले होते?

असे असले तरी इतिहासकाराने ही समजूत अज्ञान म्हणून सोडून देऊ नये. ज्या डोंगरातून वीज बाहेर जाते, परंतु गावात भारनियमन चालूच राहते, तेथे वारा चोरला जातो या भावनेला काही अर्थ असतो. महाराष्ट्रात दाभोळचा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडल्यानंतरची वर्षे ही ग्रामीण भागात दीर्घ भारनियमनाची होती. ग्रामपंचायतींनी पवनचक्क्यांवर कर आकारण्याचा जो प्रश्न उपस्थित केला, तो आणि ढग पळविल्याचा आरोप हे दोन्ही एकाच तक्रारीचे दोन उच्चार होत. एक कायद्याच्या भाषेतील, दुसरा आभाळाच्या भाषेतील.

आता ऑस्ट्रेलियाकडे वळू. त्या देशाने २००० साली नवीकरणीय विजेचा कायदा करून २०१० पर्यंत ९,५०० गिगावॅट-तास जादा वीज अशा मार्गांनी मिळविण्याचे बंधन वीज विकणाऱ्यांवर घातले. घसाऱ्याची सवलत नव्हे, तर निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटाचे प्रमाणपत्र हा त्या व्यवस्थेचा पाया होता. यंत्र फिरले तरच प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र विकले तरच पैसा. अशा बाजारात पुण्याची कंपनी उतरली. दक्षिण ऑस्ट्रेलियातील हॅलेट गावाजवळच्या ब्राउन हिल येथे एजीएल या वीज कंपनीसाठी सुझलॉनची २.१ मेगावॅटची ४५ यंत्रे उभी राहिली, ९४.५ मेगावॅटचा हा प्रकल्प २००८ मध्ये पुरा झाला. त्यानंतर जवळच्याच टेकड्यांवर आणखी यंत्रे आली. न्यू साउथ वेल्समध्ये बंगेंडोर गावाजवळ कॅपिटल या नावाचा प्रकल्प २००९ मध्ये उभा राहिला. त्यात सुझलॉनची ६७ यंत्रे असून सिडनी शहरासाठी समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्याच्या विजेची भरपाई त्यातून करावयाची, अशी योजना होती. वनकुसवड्याच्या ३५० किलोवॅटपासून हॅलेटच्या २,१०० किलोवॅटपर्यंतचे अंतर या कंपनीने दहा वर्षांच्या आत तोडले. ज्या काळात मराठी वृत्तपत्रे परदेशी भांडवल भारतात येण्याची चर्चा करीत होती, त्याच काळात पुण्यात मुख्य कचेरी असलेली कंपनी परक्या खंडावर यंत्रे उभारीत होती, ही गोष्ट आर्थिक इतिहासात नोंदली जावयास हवी.

हॅलेटचा प्रदेश आमच्या दुष्काळी पट्ट्याशी तुलना करण्याजोगा आहे. मूळचा न्गाजुरी या आदिवासी लोकांचा हा मुलूख. वसाहतवाल्यांनी तो मेंढ्यांसाठी व गव्हासाठी घेतला. सरकारी मोजणी अधिकारी जॉर्ज गॉयडर यांनी १८६५ च्या अवर्षणानंतर या भागात फिरून एक रेषा आखली : तिच्या उत्तरेस शेतीपुरता भरवशाचा पाऊस नाही. १८७० नंतरच्या काही चांगल्या वर्षांनी लोक ती रेषा विसरले. नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो, असा सिद्धान्त त्या काळी प्रचलित होता; १८७४ मध्ये सरकारने रेषेपलीकडील जमीनही खुली केली. १८८० नंतरच्या दुष्काळांनी ती शेते ओसाड पाडली, आणि त्यांच्या पडक्या दगडी घरांचे अवशेष अजून तेथे दिसतात. पाऊस नांगराने येतो असे मानणारा गौरवर्णी शेतकरी आणि पाऊस पात्यांनी जातो असे मानणारा माणदेशी शेतकरी यांच्यात अंतर किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तेथेही पवनचक्क्यांविरुद्ध गाऱ्हाणी उठली. व्हिक्टोरियातील वाउब्रा येथे २००९ मध्ये १२८ यंत्रांचा मोठा प्रकल्प सुरू झाल्यावर, ऐकू न येणाऱ्या मंद ध्वनीमुळे निद्रानाश, डोकेदुखी व घेरी येते अशा तक्रारी होऊ लागल्या. त्या गावाच्या नावाने एका व्याधीचे नामकरणही झाले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून, पवनचक्क्यांमुळे मानवी आरोग्यास अपाय होतो असा सुसंगत पुरावा नाही, असे जाहीर केले. त्या वादाचा अभ्यास करणाऱ्यांनी एक निरीक्षण नोंदविले आहे ते आपल्या दृष्टीने मोलाचे आहे : ज्यांच्या जमिनीवर यंत्र उभे असे व ज्यांना त्याचे वार्षिक भाडे मिळे, त्यांच्याकडून अशा तक्रारी क्वचितच येत. तेथे सामान्यतः जमीन विकत घेतली जात नाही, भाडेपट्ट्याने घेतली जाते. मेंढ्या यंत्राखाली चरतात आणि भाडे मालकाला वर्षानुवर्षे मिळत राहते. एकाच कंपनीचे यंत्र; साताऱ्यात त्याच्याखालचा शेतकरी भूतपूर्व मालक, हॅलेटात तो भागीदार नसला तरी भाडेकऱ्याचा धनी. हा फरक राष्ट्रीय स्वभावाचा मुळीच नाही. लहान तुकड्यांची, अनेक हिश्शांची, पडीक म्हणून नोंदलेली जमीन एकीकडे आणि विस्तीर्ण, एकहाती, वकिलाचा सल्ला परवडणारी जमीन दुसरीकडे, एवढेच त्याचे कारण आहे.

कंपनीच्या पुढील चरित्राकडे थोडक्यात पाहू. २००५ मध्ये तिने भांडवली बाजारात प्रवेश केला, २००६ मध्ये बेल्जियमची हॅन्सन ही गिअरबॉक्स बनविणारी कंपनी घेतली, २००७ मध्ये जर्मनीच्या रीपॉवरवर ताबा मिळविला. लगेच अमेरिकेतील यंत्रांच्या पात्यांना तडे जाऊ लागले व २००८ मध्ये १,२५१ पाती दुरुस्त करण्याचे काम कंपनीस जाहीर करावे लागले. त्याच वर्षी जागतिक मंदी आली. कर्जाचा भार असह्य होऊन ऑक्टोबर २०१२ मध्ये परकीय रोख्यांची परतफेड चुकली, आणि रीपॉवरची पुढे सेनव्हिऑन झालेली जर्मन कंपनी २०१५ मध्ये विकावी लागली. तांतींचे १ ऑक्टोबर २०२२ रोजी निधन झाले. कॅपिटल प्रकल्पाची मालक असलेली इन्फिजेन कंपनी २०२० मध्ये स्पेनच्या इबरड्रोलाने घेतली. म्हणजे पुण्याच्या कंपनीची यंत्रे, ऑस्ट्रेलियाचा वारा आणि स्पेनचे भांडवल असा आज तेथील हिशेब आहे.

सड्यावर मात्र यंत्रे तीच उभी होती, आणि त्यांच्याखाली काय घडत होते याचा एक अनपेक्षित पुरावा जीवशास्त्राने दिला. मारिया ठाकर, अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी चाळकेवाडीच्या पठारावर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्ष्यांची संख्या, त्या नसलेल्या शेजारच्या भागाच्या मानाने, जवळजवळ चौपटीने कमी आढळली. पक्षी कमी म्हणून सरडे वाढले. गळ्याखाली पंख्यासारखी निळी-नारिंगी पडदी फुलविणाऱ्या या सरड्यांच्या रक्तातील तणावाचे द्रव्य कमी झाले, ते माणसास अधिक जवळ येऊ देऊ लागले, पण गर्दीमुळे त्यांची अंगे रोड झाली व पडदीचे रंग फिके पडले. पोटखराबा म्हणून नोंदलेल्या या भूमीवर एवढा संसार चालू होता! ओसाड हा शब्द दप्तराचा आहे, निसर्गाचा नव्हे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात हाच शब्द आदिवासींना भोवला. तेथे वनजमिनीवर पवनचक्क्या आल्या आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांशी त्यांचा संघर्ष झाला.

आणखी एका प्रश्नाकडे येथील संशोधकांनी लक्ष द्यावे. पश्चिम महाराष्ट्रात पवनचक्की सर्वाधिक वीज देते ती जून ते सप्टेंबर या महिन्यांत, म्हणजे कृषिपंप बंद असतात व धरणे भरत असतात तेव्हा. कोयनेतून पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवावयाच्या पाण्यास कृष्णा पाणीतंटा लवादाने ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. सड्यावरच्या वाऱ्याने पावसाळ्यात वीज दिली तर त्याच डोंगराच्या पोटातील पाणी उन्हाळ्यासाठी राखता येते, हे साधे गणित आहे. ते गणित प्रत्यक्षात कितपत मांडले गेले, आणि शिवसागराच्या पाण्याचे वेळापत्रक वर फिरणाऱ्या पात्यांकडे पाहून कधी ठरले काय, हे वीजमंडळाच्या व त्याच्या वारस कंपन्यांच्या भारप्रेषणाच्या नोंदींवरून शोधता येईल.

भारताची पवनऊर्जेची क्षमता मार्च २०२५ मध्ये ५०,००० मेगावॅटच्या पलीकडे गेली. महाराष्ट्राचा त्यातील वाटा सुमारे दहावा. जुन्या जागी नवी, मोठी यंत्रे बसविण्याचे धोरण केंद्राने प्रथम २०१६ मध्ये व सुधारून २०२३ मध्ये जाहीर केले. सर्वांत चांगला वारा सर्वांत आधी व्यापला गेला होता आणि तेथेच सर्वांत लहान यंत्रे आहेत, म्हणून सातारचे सडे या धोरणात अग्रभागी येतात. सहा लहान यंत्रांचे काम एक मोठे यंत्र करू शकेल. मग उरलेल्या पाच यंत्रांखालची जमीन कोणाची? १९९८-९९ च्या खरेदीखतांत या प्रश्नाचे उत्तर असेल किंवा नसेल. ती खते पाटण व सातारा येथील निबंधक कचेऱ्यांत आहेत, फेरफाराच्या नोंदी तलाठी दप्तरी आहेत, ग्रामपंचायतींचे ठराव गावोगावी आहेत, आणि ज्यांनी अंगठे उठविले त्यांतील पुष्कळ माणसे अद्याप हयात आहेत. कोल्हापुराहून पाटण एका दिवसाच्या वाटेवर आहे.